भिंतीला गोड पाणी

ताहेर मिस्त्रीवर माझा संशय पहिल्याच दिवशी बसला, कारण तो फार गोड बोलायचा. आमच्या भागात गोड असं काही सहजासहजी मिळत नाही. पाणीसुद्धा नाही.

अकोल्याहून दर्यापूरकडे येताना पूर्णेच्या अल्याड-पल्याड जी गावं लागतात, त्यांतलं आमचं एक. खारपाणपट्टा म्हणतात याला. कुठंही बोअर मारा, पाणी लागतं, आणि तोंडात घेतलं की थुंकावंसं वाटतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, डोकं धुतलं की केसांची केरसुणी होते. योजनेचं नळाचं पाणी गोड असतं, पण ते त्याच्या मर्जीनं येतं. मी अमरावतीची. माझं लग्न ठरवायला आई इथं आली तेव्हा तिनं मुलगा पाहिला, शेत पाहिलं, स्लॅबचं पक्कं घर पाहिलं. पाणी तेवढं चाखलं नाही, कारण पाहुण्यांना सरळ चहाच दिला होता.

ते स्लॅबचं घर माझ्या सासऱ्यांनी, खुशालरावांनी, बांधलेलं. गावातलं पहिलं. लोक म्हणे नुसतं पाहायला यायचे आणि गच्चीवर जाऊन उड्या मारून बघायचे. पण सासऱ्यांनी सगळा माल आपल्याच बोअरच्या पाण्यात कालवला होता. ते मीठ चाळीस वर्षं भिंतींच्या पोटात गुपचूप बसलं आणि आतलं लोखंड खात राहिलं. माझ्या डोळ्यांदेखत ओसरीच्या चार पिलरांना बुडाशी मिठाचं पांढरं फुटलं, मग ते फुगले, मग तडकले, मग त्यांतून गंजके गज दिसायला लागले. छताचे पोपडे पडायचे. एकदा एक पोपडा थेट कणकेच्या परातीत पडला, तेव्हा माझा नवरा किशोर म्हणाला, "आता हे शेवटचं. या खेपेले नीट दुरुस्त करू. पन पुन्हा पांढरं फुटलं, त कुलूप लावायचं. अकोल्यातला फ्लॅट मी पाहून ठेवला हाय."

किशोर अकोल्याला नोकरीला आहे, रोज बसनं जातो-येतो. त्याला कुलूप लावणं सोपं. मला तितकंसं नाही. माझं शिलाई मशीन ओसरीत, गिऱ्हाइकं गावात. पण खरा प्रश्न माझा नव्हता, वच्छलाबाईंचा होता. वच्छलाबाई माझ्या मोठ्या जाऊ. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. थोरले दीर गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. कुलूप लागलं की बाईंना त्यांचा मुलगा गजेंद्र पुण्याला पाचव्या मजल्यावर नेणार होता. एकदा नेलंही होतं. महिनाभर राहायचं म्हणून गेल्या आणि आठवडा पुरा व्हायच्या आत परत आल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिथं कोनी कोनाच्या घरी पानी मागत नाई."

त्यानंतर पुण्याचं नाव निघालं की बाई उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. म्हणजे हे पिलर टिकले तर बाई माझ्याजवळ, नाही टिकले तर पाचव्या मजल्यावर. म्हणून मी त्या मिस्त्रीवर नजर ठेवून होते.

ताहेर अकोल्याचा. पन्नाशीचा, दाढीला मेंदी, कानावर पेन्सिल. पहिल्या दिवशी त्यानं हातोडीच्या दांड्यानं एकेक पिलर वाजवून पाहिला, डॉक्टर पाठ वाजवतात तसा.

"भाभी, मी अलिबागकडे लय वर्षं काम केलं," तो म्हणाला. "समुद्राच्या काठचे जुने बंगले. तिथं हवा खारी, इथं जमीन खारी. बीमारी एकच. लोहा सडते, सडून फुगते, आन सिमेंट फोडून बाहेर येते."

"समुद्र तर इथून कुठल्या कुठं."

"तुमच्या इथं तो जमिनीखाली झोपला हाय."

बघा, असं गोड बोलायचा.

त्यानं सांगितलं ते असं: छताला टेकू लावायचे, पिलर बुडाशी फोडायचे, गंज घासून काढायचा, त्यावर औषध लावायचं, नवे गज बांधायचे आणि नवं काँक्रीट भरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी गोड. माल कालवायलाही गोड आणि तराईलाही गोड. तराई म्हणजे नवं काँक्रीट पुढचे काही दिवस ओलं ठेवणं. पिलरला पोती गुंडाळायची आणि ती सुकू द्यायची नाहीत.

"तराईले बी गोड?" बाईंनी विचारलं. त्या दारात उभ्या होत्या.

"तराईले बी, अम्मा. एक थेंब खारा नाई पाहिजे."

बाईंनी पदर तोंडाशी नेला आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, परक्या माणसासमोर बोलायला लाजल्या.

गोड पाणी टँकरनं यायचं. पुंजाजी टँकरवाला येऊन अंगणातली काळी टाकी भरून द्यायचा. ताहेरची माणसं संध्याकाळी अकोल्याला परत जायची, त्यामुळे तराई आमच्याकडे आली. दुपारची आणि संध्याकाळची माझी. पहाटेची बाईंनी स्वतःहून मागून घेतली. "मी तशीबी उठतेच. तुले शिवन असते," म्हणाल्या. मला बरंच वाटलं.

पहिले दोन पिलर भरले तेव्हा मी मशीन ओसरीतून हलवलं नाही. ब्लाउज शिवता शिवता सगळं पाहत होते. मोबाईलवर काँक्रीटचे व्हिडिओ पाहून मी बरंच काही शिकले होते, म्हणजे मिस्त्रीला छळण्यापुरतं. माल कालवताना मी ड्रमात बोट बुडवून चाखलं. गोड. ताहेर हसला आणि म्हणाला, "साखर कमी हाय का, भाभी?" मी हसले नाही. टाकीवर मी खडूनं रेघही मारून ठेवायची, पाणी किती उतरलं ते कळावं म्हणून. उतरायचं ते बरोबर उतरत होतं. पहाटेसुद्धा.

आणि तरी पांढरं फुटलं.

पहिल्या दोन पिलरांची पोती दुपारी सरकवली तर बुडाशी पांढरी भुकटी. नखानं खरवडली तर पिठासारखी निघाली. ताहेर दुसऱ्या दोन पिलरांचा साचा बांधत होता. त्याला हाक मारली.

त्यानं पाहिलं, अंगठ्यानं पुसलं आणि म्हणाला, "नव्या सिमेंटमधून कधी कधी चुना बाहेर येते. पांढरं दिसते. घाबरायचं नाई."

"आणि चुना नसला तर?"

"चुना खारट लागत नाई."

त्यावर मी काय करणार होते. इकडे तिकडे पाहिलं, बोट ओलं केलं, पिलरवर फिरवलं आणि चाखलं. खारट. मीठच. आमच्या बोअरचं मी ओळखते, मागून येणारा कडवटपणासुद्धा तोच.

"चाखून पाहा तुम्हीच," मी म्हटलं.

त्यानं चाखलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण खऱ्या माणसाचा उतरतो तसाच पकडल्या गेलेल्याचाही उतरतो, तेव्हा मी त्यावर काही विश्वास ठेवला नाही.

"माल गोड पान्यातच कालवला, भाभी. तुमच्या डोळ्यासमोर."

"माझ्या डोळ्यासमोर गोड. मी आत चहा टाकायला गेले तेव्हा?"

तो साच्याकडे वळला आणि खिळा ठोकायला लागला, जरा जास्तच जोरात.

त्या दिवसापासून माझी चव घेणं सुरू झालं. पुंजाजीचा टँकर आला तर आधी ओंजळ लावली. त्याला राग आला. म्हणाला, "वहिनी, मी तुमच्या सासऱ्याच्या टायमापासून पानी देऊन राह्यलो. मी काय नाल्यातून भरतो का?" पाणी गोडच होतं. रेती चाखली, दातांत करकरली, पण खारट नव्हती. टाकीच्या तळाचं पाणी नळीनं ओढून पाहिलं, तेही गोड. मग उरलं कोण? ताहेर. आणि ताहेर नाही तर...

तर किशोर. हा विचार पोळी लाटताना आला आणि लाटणं थांबलं. अकोल्याचा फ्लॅट कोणाला हवा होता? पांढरं फुटलं तर कुलूप, असं कोण म्हणालं होतं? मिस्त्री कोणी आणला? किशोरनंच, अकोल्याहून. दोघं एकाच मोटारसायकलवर बसून आले होते.

जेवताना मी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या फ्लॅटवाल्याचा फोन आला होता का?"

"रोजच येते."

"काय म्हणतो?"

"काय म्हननार? पिलर कसे हायेत, इचारते." आणि तो हसला. भाकरी मोडता मोडता हसला. मला ते हसू आवडलं नाही. बाईंनी त्याच्या ताटात वरण वाढलं आणि म्हणाल्या, "पिलर चांगलेच हायेत." त्याही आवाजात मला काहीतरी वेगळं वाटलं, पण मी नवऱ्याकडे बघण्यात गुंतले होते. पांढरं फुटल्याचं मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. पोती पुन्हा घट्ट बांधून टाकली होती. तो सकाळी अंधारात जायचा, संध्याकाळी अंधारात यायचा, बघेल कधी?

"रविवारी पोते सोडून पाहू," तो म्हणाला.

म्हणजे रविवारपर्यंत मला चोर पकडायचा होता.

आणि मला तो सापडलाही, निदान तसं वाटलं. घरामागच्या नालीत एक दिवस फेस दिसला. साबणाचा, भरपूर, बुडबुड्यांचा पांढरा फेस. आमच्याकडे नालीत फेस दिसणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात आपला हार दिसणं. खाऱ्या पाण्याला फेस येत नाही. कोणीतरी गोड पाण्यानं साग्रसंगीत अंघोळ केली होती. कोणी? दिवसभर सिमेंटमध्ये माखणारी माणसं कोण? सगळं जुळलं. ताहेरची माणसं आमचं गोड पाणी अंगावर घेत होती, आणि रेघ बरोबर उतरावी म्हणून पिलरवर बोअरचं मारत होती.

शनिवारी सकाळी ताहेर आला, मोटारसायकल लावली, डोक्याचा रुमाल सोडला. मी चहासुद्धा विचारला नाही.

"मिस्त्री, तुमची माणसं मागं अंघोळ करतात का?"

"नाई जी. अंघोळ ते घरी जाऊन करतात."

"मग नालीत फेस कुठून आला? खोटं बोलू नका. मी डोळ्यानं पाहिला."

"कधी?"

"काल. दुपारी."

ताहेरनं रुमाल झटकला, घडी केली, खांद्यावर टाकला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"भाभी, काल शुक्रवार होता. शुक्रवारी आमची सुट्टी राह्यते. काल आमी इथं नव्हतोच."

काल शुक्रवार होता. आणि शुक्रवारी दुपारी बाईंनी मला हाक मारली होती: साधने, न्हानीत पानी ठेवलं, डोकं धुवून घे. मागच्या शुक्रवारीही मारली होती. डोक्याला असा फेस आला होता की मी खूश होऊन किशोरला सांगितलं, ही नवी शाम्पूची पुडी फार चांगली आहे, दुकानातून आणखी आण. नळाला पाणी आलं असेल असं धरून चालले होते. नळ पंधरा दिवस आला नव्हता.

माझा हात आपोआप केसांवर गेला. मऊ होते. रेशमासारखे. अख्ख्या गावाला चाखून झालं होतं, माझ्या डोक्याला सोडून.

ताहेरनं माझ्या हाताकडे पाहिलं, केसांकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. तेवढी सभ्यता त्याच्यात होती.

मी बाईंच्या खोलीत गेले. त्या खोलीत आपण कशाला उगाच जावं, म्हणून मी सहसा जात नाही. बाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मी खाली वाकले आणि खाटेची चादर वर केली. खाटेखाली पितळेचे गुंड, कळश्या, स्टीलचे डबे, लोणच्याच्या बरण्या, देवाची तांब्याची घागर, माझ्या रुखवताचा हंडा, सगळी भांडी ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर स्वच्छ फडकं. एक फडकं उचललं, बोट बुडवलं. गोड.

"बाई," मी म्हटलं, "पिलरवर कोणतं पाणी मारता?"

त्यांनी लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली. "मागच्या टाक्यातलं."

"बोअरचं."

"व्हय."

"मिस्त्री सांगून गेला होता ना, एक थेंब खारा नको म्हणून."

"सांगत होता. म्या पयल्या दिवशी गोडच घेतलं. तांब्या भरला, पिलरवर धरला, तं हातच वाकडा होये ना." त्यांनी हात पुढं करून दाखवला, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता. "दोनदा धरला. मंग म्हटलं, ठेवू इथं, कामी येईन."

मला राग आला होता. पण बाईंच्या हाताकडे बघत रागवायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही. मी जमिनीवर बसले.

बाई नवरी होऊन आल्या तेव्हा गोड पाण्याची विहीर नदीपल्याडच्या गावाच्या शिवारात होती. हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. डोक्यावर गुंड, त्यावर कळशी, पहाटे एक खेप, दिवस मावळताना एक. आणलेल्या पाण्यातलं पेलाभर जरी सांडलं तर सासूबाई जेवण वाढायच्या नाहीत, हेही ऐकलं होतं. पण त्या दिवशी बाईंनी जे सांगितलं ते मी ऐकलेलं नव्हतं.

"हा स्लॅब टाकून राह्यले होते तवा," त्या म्हणाल्या, "तवाचा मिस्त्री बी म्हने, गोड पानी असतं त बरं झालं असतं. तं सासूबाई म्हनल्या, भिंतीले का तहान लागते? सारे हासले. मी त लयच हासली."

"का?"

"अवं, काहून म्हंजे? आनावं मलेच लागलं असतं."

आणि त्या पुन्हा हसल्या. चाळीस वर्षांपूर्वीची सुटका झाल्यासारखं मोकळं हसल्या, आणि मग पुन्हा लसणाकडे वळल्या, कारण माझा चेहरा त्यांना दिसला असावा.

"बाई, पिलर पुन्हा सडले तर किशोर कुलूप लावणार आहे. तुम्हाला पुण्याला जावं लागेल."

"मिस्त्रीनं औषध लावलं हाय ना."

"औषधावर तुम्ही मीठ मारलं."

त्यांनी वाटी खाली ठेवली. वाकून खाटेखालच्या भांड्यांकडे पाहिलं. तिथून बसल्या जागी एकच गुंड दिसत होता.

मी बाहेर येऊन ताहेरला सांगितलं. सगळं, केसांसकट. तो पायरीवर बसला.

"मले वाटलं," तो म्हणाला, "किशोरभाऊच मारून राह्यले खारं पानी. फ्लॅटसाठी."

"मलाही."

"नवऱ्यावर?"

"तुमच्यावर आधी. मग त्याच्यावर."

तो दाढीत हसला. तोवर मी चहा टाकला. चहा पिता पिता त्यानं सांगितलं की माल आत गोडच आहे, खारं वरून गेलं आहे. जुनी पोती फेकायची, नवी बांधायची, पिलर गोड पाण्यानं घासून धुवायचे, पुन्हा पुन्हा. वरचं मीठ निघेल.

"सगळं?"

"ते मी लिहून देत नाई, भाभी. समुद्राकाठी बी कोनाले देल्लं नाई."

पहिल्यांदाच तो गोड बोलला नाही, आणि पहिल्यांदाच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

पण धुवायला पाणी कुठलं? टाकी तळाला गेली होती. पुंजाजीला फोन केला तर तो भाच्याच्या लग्नाला धामणगावला. उद्या संध्याकाळच्या आधी टँकर नाही. आणि उद्या रविवार. मी फोन ठेवून मागं वळले तर बाई दारात उभ्या. कमरेवर गुंड.

त्यांनी तो पहिल्या पिलरपाशी आणून ठेवला. मी पोती सोडली. बाईंनी तांब्या भरला आणि पिलरवर धरला. हात तसाच राहिला. ताहेर काही बोलणार होता, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. बाईंनी तांब्या खाली ठेवला, गुंडात हात बुडवला आणि ओल्या हातानं पिलर पुसला. मग पुन्हा. मग पदर खोचला, काथ्या मागून घेतला आणि पिलर घासायला लागल्या, वरून खाली, मग मागून, मग कोपऱ्यांतून, पाणी थोडं थोडं सोडत. लहान पोर अंघोळीला पळतं तेव्हा त्याला पकडून धुतात, तशा. भिंतीवर पाणी ओतणं त्यांना जमत नव्हतं. न्हाऊ घालणं जमत होतं. किशोरच्या आईला सांधेदुखी होती, त्याला शाळेत जाण्याआधी अंघोळ घालायच्या त्या बाईच.

दुपारभर आम्ही भांडी आणत होतो. गुंड संपले, मग डबे, मग बरण्या. त्यातल्या एका बरणीच्या पाण्याला अजून लोणच्याचा वास होता. ताहेर म्हणाला, ही नको, हिच्यात बी मीठ असन. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढं पूर्ण दुपार कामाचंच बोलला.

आणि त्या दिवशी किशोर नेमका लवकर आला. शनिवार, अर्धा दिवस; मी विसरले होते. अंगणात पालथी घातलेली पितळी भांडी, ओसरीत वाहतं पाणी, उघडे पिलर.

"काय हाय आज? कोनाचं लगन हाय?"

मी काहीतरी रचायच्या तयारीत होते. नळ फुटला, असं काहीतरी. पण बाई पिलरजवळून उठल्याच नाहीत; तिथूनच म्हणाल्या, "किशोर, पिलरले पांढरं फुटलं. म्या खारं पानी मारलं. मिस्त्रीचा दोस नाई."

किशोरनं बॅग खाली ठेवली. "वयनी, तुले पुन्याले जायचं हाय का?"

"नाई."

"मंग काहून मारलं?"

"तुह्या न्हान्याचं पानी म्या असं भिंतीवर टाकलं असतं, त चाललं असतं का तुले?"

किशोरचे कान लाल झाले. लहानपणी त्या कानांमागे कोण घासायचं ते त्याला आठवलं असणार. तो पिलरांपाशी गेला. पहिल्यावर बोट फिरवलं, चाखलं. दुसऱ्यावर फिरवलं, चाखलं. मी विचारलं, "कसं आहे?" तर म्हणाला, "तू पाह्य." मी चाखलं. मला कमी खारट वाटलं, पण मला तसं वाटायला हवंच होतं. म्हणून ताहेरला चाखायला लावलं. तो म्हणाला, कमी हाय, पन हाय.

कुंपणापलीकडून शेजारच्या इंदूबाई बराच वेळ पाहत असाव्यात. "काय चालू हाय वं साधना?" त्या म्हणाल्या. "परसाद हाय का?"

"तुम्हीपण या," मी म्हटलं. त्या आल्या नाहीत. पण संध्याकाळपर्यंत बातमी गावभर पोचवली.

शेवटी बाईंनी चाखलं. आमच्यात अस्सल जीभ त्यांचीच; कोणत्या विहिरीचं पाणी आहे ते त्या एका घोटात सांगतात. त्यांनी पिलरवर तर्जनी दाबून फिरवली, जिभेला लावली, डोळे मिटले. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. मला पुण्याचा पाचवा मजला दिसत होता.

"खारं हाय अजून," बाई म्हणाल्या. "एवढ्यानं नाई भागत. आनखी पानी लागन. लय लागन." आणि किशोरकडे वळून, "पाह्यतं काय? फोन कर त्या पुंजाजीले."

किशोरनं खिशातून फोन काढला. आधी एक येणारा फोन त्यानं कापला; फ्लॅटवाल्याचा असावा, कारण कापताना म्हणाला, "याले सांगतो, पावसाळा निघू दे मंग पाहू." मग पुंजाजीला लावला. लग्नातला बँड इथपर्यंत ऐकू येत होता.

"उद्या दोन टँकर आन," किशोर ओरडून म्हणाला. "नाई, प्यायले नाई. पिलरले. पिलरले म्हनून राह्यलो ना. हो, गोडच."

मी भांडी गोळा करायला लागले. एक, दोन, तीन करत आत नेली, आणि खाटेखाली ठेवायला वाकले तर कोपऱ्यात एक गुंड अजून भरलेला. फडक्यासकट. सगळी भांडी बाहेर नेली होती आम्ही, मी स्वतः पाहिलं होतं. बाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"हा कशाला ठेवला?" मी विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी तुह्या डोक्याले."